हात वर करून

लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळानं मला पहिल्यांदा भाषणाला बोलावलं तेव्हा मला मोठं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील साखर कारखान्यात ऊस उतरवायला होते, आणि आई सही करायला शिकली ती माझ्या दहावीच्या वर्षी. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, बी.एड. केलं, आणि आता इथे आपल्या अकरावी-बारावीसारख्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात टीचिंग असिस्टंट आहे. म्हणजे फळ्यापाशी दुसराच उभा असतो, आणि मी मागे बसून ज्यांना कळलं नाही त्यांना समजावून देतो. विषय प्राचीन इतिहास. कुणी विचारलं की मी हे असंच सांगतो. त्यात कमीपणा कसला?

बोलावणं अध्यक्षांचं होतं. त्यांना सगळे सर म्हणतात. ते फार वर्षांपूर्वी पुण्याहून आले, पासपोर्ट इथला झाला, आणि आता शहराच्या उत्तरेला त्यांची दोन केअर होम्स आहेत. होम्स स्वच्छ आहेत, म्हाताऱ्या माणसांना वेळेवर औषध मिळतं, हेही सांगायला पाहिजे. त्यातल्या एकात माझी बायको सीनियर केअरर आहे. शिकून आली नर्सिंग, पण इथे सुरुवात अशीच होते. ती आहे म्हणून आम्ही इथे आहोत. व्हिसा तिचा, मी तिचा डिपेंडंट, आणि तिचा व्हिसा सरांच्या स्पॉन्सरशिपवर उभा. सरांनी कागद दिला तर व्हिसा वाढणार, नाही दिला तर बॅगा भरायच्या. मंडळातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट होती, त्यामुळे ती कुणी कुणाला सांगत नसे.

मागच्या वर्षी होममधल्याच एका ताईंनी मंडळाच्या सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला होता. सरांनी दुसऱ्या कुणाचं नाव ठरवलं होतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मतदान झालं आणि ताई थोडक्यात पडल्या. उन्हाळ्यात त्यांची स्पॉन्सरशिप वाढली नाही. होमला आता तेवढी माणसं लागत नाहीत, एवढंच कारण मॅनेजर बाईंनी दिलं. नवरा, दोन मुली घेऊन त्या नागपूरला परत गेल्या. एका सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करड्या अक्षरांत दिसलं की त्यांना काढून टाकलंय. त्याच्या खाली लगेच कुणीतरी श्रावणाच्या शुभेच्छा टाकल्या, आणि मग सगळ्यांनीच टाकल्या.

तर भाषण. जागा म्हणजे चर्चचा भाड्याचा हॉल. मी ग्रीसचे अधिकारी हा विषय घेतला होता, कारण तो वर्गात नुकताच झाला होता आणि मला मनापासून आवडतो. मी सांगितलं की अथेन्समध्ये बहुतेक पदं सोडतीनं भरत. ज्याचं नाव निघेल तो वर्षभर अधिकारी. पण सैन्य सांभाळायला सोडत चालत नाही, म्हणून दहा सेनापती निवडून देत. पदावर बसण्याआधी प्रत्येकाला भर सभेत विचारत: तुझे वडील कोण, आईचे वडील कोण, तुमच्या घराण्याची थडगी कुठे आहेत, आईबापांना नीट सांभाळतोस का. वर्ष संपलं की पुन्हा चौकशी. दवंडीवाला उभा राहून विचारायचा, ह्या माणसाविरुद्ध कुणाला काही म्हणायचंय? त्यानंतरही काही दिवस मुभा असे. पांढऱ्या रंगाच्या फळीवर आधी स्वतःचं नाव लिहायचं, मग त्याचं, मग तक्रार.

पुढच्या रांगेत काका बसले होते. काका म्हणजे रिटायर्ड जीपी, इथले फॅमिली डॉक्टर, मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी उरलेले एकटेच.

"म्हणजे मास्तर, खुर्ची सोडतानाही परीक्षा?"

"हो काका. ती पास होईपर्यंत गाव सोडायची परवानगी नसायची."

"मग लोक खुर्चीच सोडत नसतील."

हॉल हसला. सरही हसले. मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "एक सांगा मास्तर. हे जे सेनापती, त्यांना पुन्हा पुन्हा निवडता यायचं ना?"

"हो सर. लोकांना हवा असेल तर दरवर्षी."

"आणि मतदान कसं? चिठ्ठ्या?"

"नाही, हात वर करून. सगळ्यांसमोर."

"बघा," सर मागे वळून लोकांना म्हणाले. "फुल ट्रान्स्परन्सी. अडीच हजार वर्षांपूर्वी."

टाळ्या पडल्या. मला त्या माझ्यासाठी वाटल्या.

कार्यक्रमानंतर सर कार पार्कमध्ये भेटले. पाऊस भुरभुरत होता आणि त्यांच्याकडे छत्री होती. ती त्यांनी माझ्या डोक्यावर धरली.

"मस्त बोललात. बी.ए.ला हे सगळं होतं तुम्हाला?"

"थोडं होतं. बाकी इथे वाचलं."

"वाचा, वाचा. चौकशी, दवंडी, छान रंगवलंत." मग जरा थांबून, अगदी घरच्यासारखं, "वहिनींचं रिन्यूअल सप्टेंबरमध्ये ना?"

"हो सर."

"बघू. पेपरवर्क फार वाढवलंय ह्या लोकांनी." छत्री मिटवून ते गाडीत बसले.

त्यात वाईट शब्द एकही नव्हता. तरी घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि त्याचं कारण मला नीट ठाऊक होतं. आमच्या गावची ग्रामपंचायत बिनविरोध व्हायची. बिनविरोध झाली की पेपरात फोटो, गावाचं कौतुक, कसं एकोप्यानं राहतात म्हणून. मी शाळेत असताना वडिलांनी एकदा अर्ज भरला होता. कारखान्यातल्या मित्रांनी चढवलं, आणि त्यांनाही हौस होती. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी चारजण घरी आले. आईनं चहा केला. त्यांनी चहाची तारीफ केली, म्हशीची चौकशी केली, आणि निघताना एकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "पोरगं कितवीत आहे?" एवढंच. दुसऱ्या दिवशी वडील तहसील कचेरीत जाऊन अर्ज मागे घेऊन आले. संध्याकाळी गुलाल उधळला त्यात आमच्याही दारात पडला. निवडणूक न होता निवडून येणं ही आपल्याकडची मोठी कला आहे. ती शिकायला कुणाला ग्रीसला जावं लागत नाही.

मार्चमध्ये वार्षिक सभेची नोटीस ग्रुपवर आली. त्यात दोन ठराव होते. एक, अध्यक्षानं लागोपाठ दोनच वेळा पद घ्यावं हा नियम काढून टाकणे. दोन, ह्यापुढे मतदान चिठ्ठीनं न घेता, 'आपल्या मास्तरांनी सांगितलेल्या प्राचीन लोकशाही पद्धतीनं' हात वर करून घेणे. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग दुसऱ्यानं. आमच्या रस्त्यावर राहणाऱ्या, बायकोला रोज कामावर गाडीतून नेणाऱ्या तिच्या मैत्रिणीनंही टाकलं. मी टाकलं नाही.

बायको शिफ्टवरून आली तेव्हा मी तिला नोटीस दाखवली. ती बूट न काढता दारातच उभी राहून वाचत होती.

"तुमचंच नाव घालून केलं की हो."

"मी असं कुठे म्हटलं होतं?"

"म्हटलंत की. मी होते ना तिथं." ती आत येऊन खुर्चीत बसली. "एक सांगा. तुमच्या त्या अथेन्समध्ये बाहेरून आलेल्यांना मत होतं का?"

"नव्हतं."

"मग राहायचे कसे?"

"एखादा नागरिक पालक म्हणून दाखवावा लागायचा. तो आपल्या वतीनं उभा राहणार. पालक नाही असं सिद्ध झालं तर माणसाला विकायचे."

"म्हणजे स्पॉन्सर."

मी तिच्या हातातून फोन परत घेतला.

"हे नाही सांगितलंत भाषणात."

"वेळ संपली होती."

"हां," ती म्हणाली, आणि मोजे काढायला लागली.

मी तिला म्हणालो की सभेत मी विरोध करणार. नियम दोन वेळांचा आहे तर दोन वेळांचा. आणि हात वर करण्यामागे जी चौकशी होती ती काढून नुसता हात तेवढा ठेवायचा, ही माझ्या विषयाची चेष्टा आहे, आणि ती माझ्या नावावर नको.

"आणि माझ्या व्हिसाचं?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

"विचारत नाही तुम्ही, सांगताय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं ग्रीस माझ्या व्हिसावर उभं आहे. पडलं तर तुम्ही पुस्तक मिटून याल. रोज सकाळी त्यांच्या दारातून आत मी जाते."

त्याच आठवड्यात तिचा रोटा, म्हणजे शिफ्टचा तक्ता, बदलला. दिवसाच्या शिफ्ट गेल्या आणि वेगवेगळ्या वेळांच्या आल्या. ज्या बाईंना ती वर्षभर आंघोळ घालत होती त्या दुसऱ्या केअररकडे दिल्या. मॅनेजर म्हणाली, सगळ्यांचेच बदललेत. सगळ्यांचे नव्हते बदलले. कॉरिडॉरमध्ये सर भेटले की तिला थांबवून विचारायचे, "मास्तर काय म्हणतात? सभेची तयारी जोरात?"

मग एका संध्याकाळी कणीक मळता मळता ती आपणहून म्हणाली, "सभेत मी बोलणार. तुम्ही नाही."

"तू कशाला?"

"कारण जायचं झालं तर माझ्यामुळं जायचं. तुमच्या नावाची फळी आणि माझी बॅग, असं नको." कणकेवर ओलं फडकं टाकून तिनं हात धुतले. "आणि त्या ताईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, माणसाला हॉइस्टच्या मशीननं कसं उचलायचं ते. मी त्यांना एअरपोर्टला सोडायलासुद्धा गेले नाही. रोटा बदलेल म्हणून. आता बदललाच."

सभेला हॉल भरला होता. एरवी सभेला कुणी फिरकत नाही. जेवणाच्या वेळेला येतात. ह्या वेळी होमची सगळी माणसं, ज्यांची शिफ्ट नव्हती ती, कडेच्या दोन रांगांत ओळीनं बसली होती. सरांची मुलगी आली होती. इथेच जन्मलेली, मँचेस्टरला नोकरी करते, वागायला गोड आहे. ती फोन स्टँडवर लावून व्यासपीठाच्या बाजूला उभी होती, कॅमेरा आमच्याकडे.

"हे कशाला गं?" काकांनी विचारलं.

"वेबसाइटसाठी, काका. डॅड म्हणाला, सगळे लोकांचे फेसेस यायला पाहिजे."

सरांनी वर्षाचा आढावा घेतला. गणपती, दिवाळी, मुलांचे मराठी वर्ग. सगळं खरं होतं. त्यांनी केलं होतं. सेक्रेटरीनं ठराव वाचले. सूचक झाले, अनुमोदक झाले. सर म्हणाले, "कुणाची हरकत? नसेल तर बिनविरोध घेऊ. आपण एक फॅमिली आहोत."

बायको उभी राहिली. तिच्याबरोबर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तेवढ्यानं कडेच्या दोन्ही रांगा वळल्या.

"सर, मतदानाआधी एक राहिलं. जुन्या कमिटीबद्दल कुणाला काही म्हणायचंय का, हे विचारायचं. ह्यांनी सांगितलं होतं, ते लोक आधी हे विचारायचे."

"विचारा ना वहिनी. लोकशाही आहे."

"मागच्या वर्षी सेक्रेटरीपदाला उभ्या राहिल्या त्या ताई कुठं आहेत?"

हॉलच्या मागे चहाचा अर्न, ते मोठं विजेचं भांडं, खळखळत होता, तो ऐकू यायला लागला.

सर हसत होते. "वहिनी, ते होमचं मॅटर आहे. कॉन्फिडेन्शियल असतं. तुम्ही तिथं काम करता, तुम्हाला पॉलिसी माहीत आहे."

"मी मंडळाची मेंबर म्हणून विचारतेय."

"आता काय करणार," सर दोन्ही हात पसरून लोकांना म्हणाले, "दोन्हीकडे मीच आहे."

ह्यावर लोक हसले. जोरात हसले, आणि हसू जरा जास्तच वेळ चाललं, कारण आधी थांबायला कुणीच तयार नव्हतं.

"वहिनींचा प्रश्न मिनिट्समध्ये घ्या," सर सेक्रेटरीला म्हणाले. "नावासकट."

"हो," बायको म्हणाली, "नावासकट." आणि बसली.

मग हात वर झाले. कडेच्या रांगांमधले आधी, एकदम. मग मधले, इकडेतिकडे बघत. सरांनी मोजले नाहीत. प्रत्येक हाताखालच्या तोंडाकडे क्षणभर बघून मान हलवली, जसं हजेरीला करतात. मुलगी फोन फिरवत होती. "अंकल, तुमची हात नाही दिसत. थोडा वर." त्या अंकलनी हात आणखी ताणला. काका खुर्चीत नव्हते. ते चहाच्या अर्नपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे होते, कप भरून झाला तरी. काका चाळीस वर्षं इथले नागरिक. त्यांचं कुणी काही करू शकत नव्हतं, आणि तरीही ते तिथे उभे होते. ती पाठ मला त्या सगळ्या हातांपेक्षा जास्त भीतीची वाटली.

"विरोधात?"

आम्ही दोघांनी हात वर केले. कॅमेरा आमच्यावर आला, थांबला, पुढे गेला.

जेवणात मसालेभात होता. आमच्या टेबलाला सहा खुर्च्या होत्या आणि आम्ही दोघं. निघताना ती शेजारची मैत्रीण कोट घालत बायकोजवळ आली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "उद्यापासून बसनं जा गं. माझं रिन्यूअल नोव्हेंबरमध्ये आहे."

"बरं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन बस बदलून जायला लागली. तिला कुणी काही बोललं नाही, आणि वाईट तेच होतं. उलट सर जास्त अदबीनं वागायला लागले. तिच्यासमोर स्वतः दार उघडून धरायचे. जूनमध्ये मॅनेजरनं ऑफिसात बोलावून सांगितलं की सप्टेंबरनंतर होमला तेवढी माणसं लागणार नाहीत. ताईंना सांगितलेलं तेच वाक्य, तीच बाई. बायकोनं ते शांतपणे ऐकलं, आणि परत जाऊन दुपारची औषधं दिली.

मग शोध सुरू झाला. मँचेस्टरकडच्या एका होमला ती पसंत पडली. इंटरव्ह्यू घेणारी म्हणाली, आम्हाला हवी आहेस, स्पॉन्सरशिप देऊ, फक्त आत्ताच्या मालकाचा रेफरन्स, कामाबद्दलचं पत्र, आला की झालं. तो आल्याशिवाय त्यांना कागद पुढे पाठवता येत नाही. त्या रात्री तिला झोप लागली, कित्येक आठवड्यांनी.

जुलै गेला. तिनं मँचेस्टरला दोनदा विचारलं. आम्ही मागवलाय, अजून आला नाही, असं उत्तर आलं.

मागच्या शनिवारी मी इंडियन दुकानात कोथिंबीर निवडत होतो. मागून खांद्यावर हात पडला.

"मास्तर. सुट्टी ना कॉलेजला? काय वाचताय नवीन?"

"काही नाही सर."

"असं कसं. तुमच्यासारख्या माणसानं वाचलं पाहिजे." त्यांनी माझ्या हातातली जुडी घेतली, बघितली, परत ठेवली आणि खालची ताजी काढून दिली. "मँचेस्टरवाल्यांचा मेल आलाय मला. चांगले लोक आहेत, मी ओळखतो त्यांना. ओनरशी माझं बोलणं असतं."

मी जुडी पिशवीत टाकली.

"खरं तर रेफरन्स मॅनेजर देते. पण वहिनींचा मी स्वतः लिहिणार आहे. काळजी करू नका."

"कधीपर्यंत, सर?"

"घाईत लिहायची गोष्ट नाही ती. नीट लिहायला पाहिजे. वहिनींना सांगा, मी विसरलेलो नाही." हसून, खांद्यावर पुन्हा एकदा थोपटून ते बिलाच्या काउंटरकडे गेले. रांगेतल्या दोघांनी त्यांना नमस्कार केला आणि पुढे जाऊ दिलं.

घरी येऊन मी तिला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून झाल्यावर विचारलं, "विसरलेलो नाही, असंच म्हणाले?"

"असंच."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला, फोन घेतला आणि मेल बघितला. ऑगस्ट निम्मा झाला आहे. हे लिहितोय तोपर्यंत काही आलेलं नाही.